बाहेर जाऊ पाहणारे

माहेरी लासूर स्टेशनला चार दिवस राहून ज्ञानेश्वरी परतली आणि खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधीच तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक पांढरे, निर्विकार पान उभे राहिले. हे संकेतस्थळ सापडत नाही, एवढेच त्यावर लिहिले होते. तिने दुसरे उघडून पाहिले, तेही सापडत नव्हते. साऱ्या जगाने शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही न सांगता एका रात्रीत बिऱ्हाड हलवावे, तसे काहीतरी झाले होते.

आणि आजच दुपारी तिचा वर्ग होता. वर्ग कसला, परीक्षाच. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना भाषा शिकवणाऱ्या एका संस्थेने तिच्याकडून नमुन्याचा पाठ मागवला होता. समोर चार मुले असणार होती, त्यांच्यामागे न बोलता बसलेल्या दोन परीक्षक बाई, आणि पाठ जमला तर नोकरी. मराठीत एम.ए. होऊन, लग्न करून ती हर्सूलच्या या घरात आली त्याला वर्ष होत आले होते. या घराने तिला कधी काही नाकारले नव्हते. मात्र तोंडाने काही देऊही केले नव्हते. नोकरीचे ती फक्त नवऱ्याजवळ, गोकुळजवळ, बोलली होती. सासऱ्यांना तिने 'थोडं काम आहे लॅपटॉपवर' इतकेच सांगितले होते, आणि त्यावर ते 'बरं' म्हणाले होते. त्या 'बरं'चा अर्थ ती तेव्हापासून लावत होती. एखाद्या अवघड कवितेची शेवटची ओळ मनात अडकून राहावी, तसा तो शब्द तिच्यात अडकला होता.

भिंतीवरच्या राउटरचे हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. तिने तो बंद केला, थोडा वेळ थांबून चालू केला, तार उपसून, तिच्या टोकावर फुंकर घालून पुन्हा बसवली. त्याच वायफायवर मोबाइल मात्र सुरळीत चालत होता. मावसबहिणीने पाठवलेला वांग्याच्या भरताचा व्हिडिओ जराही न अडखळता फिरत होता. म्हणजे जग होते तिथेच होते. अडथळा होता तो या एका यंत्रात. आणि संस्थेचा ऑनलाइन फळा उघडायचा तर याच यंत्रावर. मोबाइलवर तो चालत नसे.

तिने गोकुळला फोन लावला. तो वाळूजच्या कंपनीत कामावर होता; मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मोबाइल चालतोय म्हटल्यावर त्याने लगेच निदान केले: खाली कोपऱ्यात लाल ढालीचे चित्र असेल, ती फायरवॉल, तिने कुणाला तरी अडवले असणार. ती त्यानेच बसवली होती. कंपनीतल्या एकाला कुणीतरी ऑनलाइन गंडवल्यापासून तो धास्तावला होता. लॅपटॉपमधला कोणताही प्रोग्राम बाहेर जायला निघाला की ही फायरवॉल आधी त्याला थांबवी, आणि समोर बसलेल्या माणसाला विचारी: जाऊ द्यायचे की अडवायचे?

ज्ञानेश्वरीने ढाल उघडली. आत सगळीकडे लालच लाल होते. ब्राउझर अडवला होता. छपाईचे काम पाहणारा अडवला होता. हवामान सांगणारा अडवला होता. घड्याळालासुद्धा बाहेर जाऊन नेमकी वेळ विचारून यायची होती, त्यालाही नकार मिळाला होता. हे नकार यंत्राने दिलेले नव्हते. कुणीतरी इथे बसून, एकेकाला पाहून, एकेक बटण दाबले होते. आणि ती माहेरी असताना दिवसभर घरात माणूस एकच होता, सासरे.

तर 'बरं'चा अर्थ हा होता.

गोकुळला हे काही जाणवले नाही. त्याने सांगितले, फायरवॉलच बंद करून टाक, एका बटणाचे काम आहे. तिने बटण दाबले तर पासवर्ड मागितला गेला. तेव्हा तो हसत म्हणाला की पासवर्ड त्याने वडिलांकडूनच टाकून घेतला होता. घराच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्याकडे, मग ही एक वेगळी कशाला.

सासरे, बद्रीनाथ, पोर्चमध्ये लोखंडी फाटकाकडे तोंड करून बसले होते. उभी हयात त्यांनी हर्सूलच्या कारागृहाच्या दरवाजावर शिपाई म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावरही खुर्ची कोणत्याही खोलीत ठेवा, तिचे तोंड आपोआप दाराकडे वळत असे. सासऱ्यांना जाब विचारणे ज्ञानेश्वरीला शक्य नव्हते. या घरात सुनेचे प्रश्न अंगणाला वळसा घालूनच आत येत.

"मामा, लॅपटॉपला काहीतरी झालंय," ती म्हणाली.

"काय व्हायचं त्याला? मी बसलो व्हतो की चारी दिवस." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "तूच म्हणलीस ना जाताना, हे चालू ठेवते, मधी काही विचारलं तर तेवढं बघा. लई विचारलं त्यानं. पण एकालाबी बाहेर जाऊ दिलं नाय."

तिला आठवले. संस्थेने पाठवलेले पाठ डाउनलोडला लावून, बस गाठायच्या घाईत ती खरेच तसे म्हणाली होती. तिच्या दृष्टीने ते एक वाक्य होते. ज्याने आयुष्यभर दरवाजा सांभाळला, त्याच्या दृष्टीने तो हुकूम होता. आत असलेला एकेक जण येऊन म्हणतोय की मला बाहेर जायचे आहे. अशा वेळी उत्तर काय द्यायचे, याबद्दल बद्रीनाथांना कधी शंका पडलेली नव्हती.

"आणि मामा, ते 'उत्तर लक्षात ठेवा' म्हणून एक चौकोन असतो..."

"टिक केली त्याच्यात, दर टायमाला. त्याच माणसाला रोज रोज विचारायला लावायचं, रोज नाय म्हणायचं, बरं दिसत नाय ते."

ज्ञानेश्वरीला एकाच वेळी हसू आणि रडू येत होते. पण ते पांढरे पान अजून आत तिची वाट पाहत होते. तिने हळूच पासवर्डचा विषय काढला, सगळेच बंद करता येते म्हणून सांगितले. बद्रीनाथांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"एकदोघं सोडायचे म्हणून सगळं फाटक उघडं टाकायचं? तसं नाय व्हत पोरी. एकेकाला आण समोर."

मग टेबलापाशी सुनावणी भरली. ब्राउझर पहिल्याच खेपेला सुटला, कारण त्याच्यावाचून काही दिसणारच नाही, हे त्यांना पटले. एकाच नावाचे पाच-सहा जण पुन्हा पुन्हा दारात आले होते, त्यांच्यावर बद्रीनाथांचा दात होता. ते तोतये असणार, असा त्यांचा ठाम कयास होता. ज्ञानेश्वरीने सांगितले की त्यांचा मालक एक आहे आणि त्याच्या नावावर सगळे वेगवेगळी कामे करतात. मग गावाकडे, पाचोडला, आपल्याच भावकीत तीन बद्रीनाथ आहेत आणि तिघेही तसे सरळ आहेत, हे आठवून त्यांनी त्या सगळ्यांना एकदम मोकळे केले. हवामानवाल्याचा अर्ज फेटाळला गेला, कारण आभाळ खिडकीतून दिसत होते. घड्याळाचाही फेटाळला. भिंतीवर एक घड्याळ असताना वेळ विचारायला बाहेर कशाला, असे त्यांचे म्हणणे. तिनेही ताणून धरले नाही. अपडेट आणणाऱ्या प्रोग्रामजवळ 'फक्त एकदा' असे एक बटण निघाले. ते पाहताच त्यांचा चेहरा उजळला. हा तर पॅरोल, म्हणाले, हे आधी दाखवायचं ना.

तरीही पान पांढरेच राहिले. वर्गाची वेळ जवळ येत होती. ज्ञानेश्वरीने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली: सापडत नाही. रस्ता बंद आहे असे ते पान म्हणत नव्हते, पत्ता सापडत नाही असे म्हणत होते. तिने बोट खाली सरकवत नेले आणि तळाशी अडवलेल्या एका नावावर थांबवले.

"ह्यो?" बद्रीनाथ म्हणाले. "ह्याला पयल्यांदा अडवला. सारखा दारात. घडीभर दम नाय. नाव म्हणून तीन अक्षरं, डीएनएस."

"मामा, हा पत्ता विचारणारा आहे. कुणालाही कुठं जायचं असलं की आधी हा जाऊन त्या जागेचा पत्ता विचारून येतो. मग बाकीचे निघतात. म्हणून सारखा दारात."

बद्रीनाथांचा हात चष्म्याच्या काडीवर थबकला. आत कुठेतरी एखादा जुना दरवाजा करकरला असावा.

"मुलाकातीला बाया यायच्या," ते सावकाश म्हणाले. "भेट झाली की मलाच विचारायच्या, गावाकडची गाडी कुठून लागती. ज्या दिवशी सांगणारं कुणी नसंल, त्या दिवशी तिथंच भिंतीला टेकून बसायच्या. सोड त्याला. लई वंगाळ झालं."

दर सुटकेसारखा याही वेळी त्यांनी स्वतःच पासवर्ड टाकला, टाकताना तिला मान वळवायला लावली. पांढरे पान क्षणभर थरथरले आणि मग रंगांनी, अक्षरांनी, माणसांनी भरून गेले. जग बिऱ्हाडासकट परत आले होते.

तिने घाईने वर्गाचा प्रोग्राम उघडला. लगेच लाल ढाल पुढे सरसावली. हा बाहेर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यायचे?

"हा नवा दिसतो," बद्रीनाथ सावरून बसले. "कोण? कुठं चालला? कशासाठी?"

'थोडं काम' हे दोन शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"तो नाही चाललेला मामा. मी चाललेय."

"कुठं?"

"इथूनच. या खुर्चीवरून. बाहेरदेशी आपली मुलं आहेत, त्यांना मराठी शिकवायला. आज जमलं तर नोकरी लागेल. रोज संध्याकाळपर्यंत."

त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"मग एवढे दिस 'थोडं काम' कशापायी म्हणलीस?"

"तुम्ही काय म्हणाल ते कळत नव्हतं."

"मी 'बरं' म्हणलो व्हतो की."

या अवघड कवितेचा अर्थ इतका सोपा असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. बद्रीनाथांचे बोट पडद्यावरच्या बाणाला घेऊन हळूहळू निघाले. ते आधी 'फक्त एकदा'पाशी आले. तिथे थांबले. मग बाण तिथून उठला, लहानशा रिकाम्या चौकोनात उतरला, आणि चौकोनात एक टिक उमटली.

"रोज रोज विचारायला लावायचं, बरं दिसत नाय ते," ते म्हणाले, आणि त्यांनी 'जाऊ द्या' दाबले.

पडद्यावर चार मुलांचे आणि दोन परीक्षक बाईंचे चेहरे उजळले, मुलांतला एक जांभई देणारा. ज्ञानेश्वरीने पदर सारखा केला आणि भाज्यांच्या नावांपासून सुरुवात केली. ती दोडक्यापर्यंत आली होती, तेव्हा बाहेर फाटक वाजले. शेजारच्या मालनबाई विरजणाला वाटी घेऊन आल्या होत्या. पाठोपाठ बद्रीनाथांचा दरवाजावरचा, कसून तपासणारा आवाज आला.

"नाव? कोणाला भेटायचं?"

"अवो भाऊजी, कालच तर चहा पिऊन गेले तुमच्याकडं," मालनबाई म्हणाल्या. "दही पायजे चमचाभर."

"सून कामावर हाय. बसा तिथं. सुटल्यावर भेट व्हईल."

जांभई देणाऱ्या मुलाने कान टवकारले आणि बाहेर कोण आहे म्हणून मराठीतच विचारले. दोन परीक्षक बाईंपैकी एकीने काहीतरी टिपून घेतले. आमचे मामा, ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि त्या मुलाला दोडका हा शब्द पुन्हा एकदा, नीट, जीभ टाळूला लावून म्हणायला सांगितले.