टाकातला चेहरा

दानेश्वरी माणसांची चित्रं काढायची आणि त्यातल्या खुणांचा अर्थही स्वतःच सांगून मोकळी व्हायची. बघणाऱ्याला डोकं चालवायला म्हणून जागा ठेवायची नाही. पुण्याच्या प्रदर्शनासाठी तिनं आईला, सिद्धम्माला, समोर बसवलं. सिद्धम्माच्या गळ्यात कायम चांदीचा एक छोटा टाक असायचा. त्यावर उठवलेली बाई, नाकडोळे पार झिजलेले. देवीच असणार, दुसरं काय! विचारायचं कशाला, आपण कला शिकलेल्या ना! तिनं चित्रात त्या बाईला सिद्धम्माचाच चेहरा दिला. प्रत्येक बाई स्वतःतली देवी गळ्यात घालून फिरते, असा झकास अर्थही जुळवून टाकला.

सिद्धम्मानं चित्र बघितलं मात्र, तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं टाक मुठीत झाकून घेतला.

"ही देवी न्हाय. ही तुझी आई हाय. मला दुसरेपणावर दिलेली."

मग सगळं बाहेर आलं. दानेश्वरीच्या वडलांची पहिली बायको दानेश्वरीच्या वेळच्या बाळंतपणात गेली. तिचा आत्मा खवळू नये म्हणून मैंदर्गीला लग्नाच्या मांडवातच सिद्धम्माच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. त्या सवतीला सिद्धम्मा अक्का म्हणायची. नवं लुगडं आधी अक्काला दाखवायचं, मग नेसायचं. पोरीला घास भरवतानाही मनात अक्काला विचारायचं. आणि पोरीला कधी सांगितलं नाही, कारण कळल्यावर ती आपली राहील का, ही धास्ती.

"तिच्या घरात शिरले, तिची पोर घेतली. आता तोंडबी माझंच लावलंस तिला. लई रागावंल की ती."

दानेश्वरीला रडू आवरेना. तिनं सिद्धम्माला घट्ट धरलं, तूच माझी आई असं परत परत सांगितलं, आणि चित्र दुरुस्त करून देते म्हणाली. पण अक्काचा एक फोटो घरात नव्हता. सिद्धम्मानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी दानेश्वरीनं आरसा पुढ्यात घेतला आणि टाकातल्या बाईला स्वतःचा चेहरा दिला. लेकीत आई असतेच की, असं तिला वाटलं.

रंग वाळल्यावर तिनं सिद्धम्माला बोलावलं. सिद्धम्मा चित्राकडं बघत राहिली, मग दानेश्वरीकडं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. दानेश्वरीला हायसं वाटलं. बरं झालं बाई, एकदाचं मनासारखं झालं.

दुपारी सिद्धम्मानं एकच ताट वाढलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. दानेश्वरीनं तिलाही बसायला सांगितलं. ती बसेना. दानेश्वरी हात धरायला गेली तशी ती भिंतीला जाऊन टेकली. दानेश्वरीनं आई, आई म्हणून हाका मारल्या. सिद्धम्मानं नजर वर केली नाही.

"जेवा अक्का," ती म्हणाली. "पोरगी तुमचीच हाय. मी नुसती सांभाळली."