लोरीनची हिरवी टोपी

हॉकीच्या हॉलमधली लोरीनची राखीव खुर्ची ठेवायची की सोडायची, हे ऑर्विलला आजच सांगायचं होतं. मोसमातला हा शेवटचा सामना. तो संपल्यावर तिकीट-खिडकीवर कळवलं नाही, तर खुर्ची दुसऱ्याची. सोडायचं त्याच्या मनात जवळजवळ ठरलं होतं. लोरीन जानेवारीत गेली, मग खुर्ची ठेवून करायचं काय? फक्त त्याआधी त्याला एकदा बघायचं होतं, की जन्मात बर्फावर पाय न ठेवलेली आपली बायको दर शनिवारी इथे येऊन बघायची तरी काय.

तो स्वतः कधी आला नव्हता. सूतगिरणी बंद पडली आणि टॅलबर्न गावातून लोक निघून जायला लागले, त्याच सुमाराला उत्तरेकडची एक छोटी आइस हॉकी लीग नवी गावं शोधत अलाबामात उतरली. गुरांचं प्रदर्शन भरायचं त्या हॉलमध्ये त्यांनी बर्फाचं मैदान तयार केलं. गाव हसलं, ऑर्विलही हसला. मग मोटेल भरायला लागलं. मेन स्ट्रीटवरची बंद खानावळ शनिवारी उशिरापर्यंत उघडी राहू लागली. चर्चच्या पार्किंगमध्ये पोरं झाडूने चेंडू हाणू लागली. तरी तो आला नाही.

आज तो तिच्या खुर्चीत बसला होता. डोक्यावर खुंटीवरची तिची हिरवी टोपी, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी.

"घट्ट होतेय तुम्हाला ती," शेजारची बाई म्हणाली.

"बायकोची आहे."

"माहितीय. मी वर्नेल. मिस लोरीनच्या निम्म्या शेंगा मीच संपवायची." इकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणत. तिने पिशवीत हात घातला, एक शेंग खाल्ली. "तुम्ही उकडल्यात."

"कशावरून?"

"मिठाचा पत्ता नाही."

खाली शिट्टी वाजली. काळ्या चकतीमागे धावणारी पोरं थांबली.

"आता काय झालं?" ऑर्विलने विचारलं.

"ती निळी रेघ दिसते? चकतीच्या आधी आपला माणूस तिच्या पलीकडे गेला. चालत नाही."

"का चालत नाही?"

"मिस लोरीनही हेच विचारायच्या. टीममधल्या कॅनडाच्या पोरांनाही नीट सांगता आलं नाही."

ऑर्विल पुढे वाकला आणि त्या रेघेकडे बघत राहिला. पुढच्या शिट्टीच्या आधीच त्याला कळलं कोण चुकलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

शेवटच्या काही मिनिटांत टॅलबर्नकडून खेळणाऱ्या गॅन्यों नावाच्या पोराने आपला तिसरा गोल केला. सगळा हॉल उठला आणि बर्फावर टोप्या पडायला लागल्या.

"टाका," वर्नेल म्हणाली. "एकाचेच तीन गोल झाले की टोपी टाकायची असते."

ऑर्विलने दोन्ही हातांनी टोपी धरली. "ही नाही."

"परत मिळते हो."

"बर्फावर टाकलेली?"

"दुसऱ्या गावांत नाही मिळत. पहिल्या वर्षी आम्हाला काय माहीत? सगळ्यांनी टाकल्या आणि सामना संपल्यावर घ्यायला दारात रांग लावली. टीमवाले पोट धरून हसले. म्हणे, टाकली ती गेली. रांगेत पहिल्या मिस लोरीन. त्यांच्या मॅनेजरला म्हणाल्या, बाळा, आनंद झाला म्हणून टाकली, दान नाही केली. हलेनात तिथून. तेव्हापासून दारात टोप्यांचं टेबल मांडतात. आत नाव असेल बघा."

त्याने टोपी उलटी केली. आत तिच्या अक्षरात नाव होतं. संध्याकाळभर त्याच्या डोक्यावर होतं.

घरी येऊन ती यातलं काही बोलली नव्हती. की बोलली होती, आणि त्याचं लक्ष टीव्हीकडे होतं?

त्याने टोपी फेकली. ती पुढच्या रांगेतच पडली. तिथल्या माणसाने उचलली, आत वाचलं, वळून ऑर्विलकडे बघितलं आणि जोर लावून बर्फाभोवतीच्या काचेपलीकडे भिरकावली.

सामना संपल्यावर बाहेरच्या टेबलावर ओल्या टोप्यांचा ढीग होता. लोक आत बघत, नाव वाचत, हाका मारत होते. "लोरीन," कुणीतरी म्हणालं. ऑर्विलने हात पुढे केला. टोपी थंडगार होती.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "मिस लोरीनची खुर्ची ना? बहुतेक सोडणार म्हणाला होतात फोनवर."

ऑर्विल वर्नेलकडे वळला. "ऑक्टोबरात नवा मोसम सुरू झाला की त्या निळ्या रेघेचं परत सांगाल?"

"सांगीन. पण तोवर शेंगा उकडायला शिका."

"खुर्चीला नाव तिचंच राहू दे," तो खिडकीत म्हणाला.