दुसऱ्याच्या कार्डावरचे दात

आखातात इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामाला आग लागली. तिथे कामाला असलेल्या, एका खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकाचा कोळसा झाला. दुसरा चेहराभर बँडेज घेऊन बेशुद्ध पडला. बोटांचे ठसे दोघांचेही उरले नव्हते. हमजा कोण आणि अम्मार कोण, हे आता दातच सांगणार होते. पोलिसांनी दवाखान्यातून हमजाचा जुना एक्स-रे मागवला.

तो तिथे एक्स-रे काढायच्या नोकरीवर असलेल्या खतिजानेच काढला होता. एका दाताचं मूळ बघायला छोटा एक्स-रे पुरतो, दोन दातांमधली कीड बघायला चावून धरायचा. पण सूज जबड्यात उतरली की सगळं तोंड एका चित्रात घ्यावं लागतं. ते चित्र प्रेताशी तंतोतंत जुळलं. हमजा गेला, असं कागदावर आलं. गावी, राजापुरात, त्याच्या घरी रडारड सुरू झाली.

खतिजाला एक्स-रेचा तो दिवस आठवला. त्या दिवशी दाढ दुखत होती अम्मारची. त्याचं हेल्थ कार्ड आलं नव्हतं आणि त्याशिवाय दवाखान्यात घेत नाहीत, म्हणून हमजाने आपलं पुढे केलं, आणि आपल्याच गाववाल्यांना नाही म्हणवेना म्हणून हिने डोळेझाक केली. कसली मेली ती दया! फाईल हमजाची, दात अम्मारचे.

नोकरी गेली तर जाऊ दे, म्हणत तिने पोलिसांना सांगायला मोबाईल उचलला. त्यावर अम्मारच्या आईचा व्हॉइस मेसेज आलेला होता.

"पोरी, तुझ्या एक्स-रेमुळे कळलं, माझा लेक जिवंत आहे. अल्ला तुझं भलं करो."