वीस मिनिटांचं गाणं

ग्रंथपालाने रेकॉर्ड प्लेअरची थाळी उचलून बाजूला ठेवली आणि मोटरच्या पितळी फिरकीवरची चिकटपट्टी नखाने खरवडायला घेतली, तेव्हा ज्या पत्राला त्याने कधीच उत्तर दिलं नव्हतं ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. चारच वाक्यं होती.

‘आपला लेख वाचला. आम्ही इतक्या घाईने गायलो नव्हतो आणि माझा आवाजही इतका पातळ नाही. आपलं यंत्र एकदा तपासून पाहाल का? दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे.’

त्या पत्राला एकोणतीस वर्षं झाली होती. लेख होता एका मासिकातला, एका इंग्रज संगीतकारावरचा. वाद्यवृंदाच्या भारदस्त रचनांनी त्याचं नाव झालं. समूहगानासाठी त्याने लिहिलेलं मात्र फारसं कुणी ऐकत नसे. त्यातल्याच एका वीस मिनिटांच्या संध्यागीताची तीन ध्वनिमुद्रणं ग्रंथपालाने शेजारी शेजारी ठेवून तपासली होती. दोन नामांकित वृंदांची, सीडीवरची. तिसरं याच शहरातल्या हौशी मंडळींचं. त्यांनी पदरमोड करून काढलेली एकुलती एक रेकॉर्ड. तिच्याबद्दल त्याने लिहिलं होतं : ‘एकल गायिकेचा आवाज पातळ आणि चढा आहे, आणि एकूण घाई पाहता या मंडळींना शेवटची बस गाठायची असावी.’

ते वाक्य गाजलं. लोक ग्रंथालयात येऊन त्याला ते म्हणून दाखवत आणि हसत. तोवर त्याच्या कुठल्याच बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

पत्र आलं त्याच दुपारी त्याने घड्याळ समोर ठेवून रेकॉर्ड लावली. लेबलवर वीस मिनिटं छापली होती. एकोणीस मिनिटांतच सुई शेवटच्या रिकाम्या वळ्यांत शिरली. पट्टा घसरतो म्हणून फिरकीला चिकटपट्टीचे वेढे त्यानेच दिले होते. फिरकी जाड झाली की थाळी जोरात फिरते आणि सगळं गाणंच वर चढतं, एवढं त्याला कळायला हवं होतं. त्याने यंत्र कपाटावर चढवलं, उद्या उत्तर लिहू असं ठरवलं, आणि पुढच्या महिन्यापासून मासिकाच्या संपादकांनी त्याला नियमित सदर दिलं.

“सुटतेय का?” दारातून ताईने विचारलं. दाढेमुळे तिचा एक गाल टम्म फुगला होता.

“दगड झालाय नुसता.”

“मग तुझ्याच वळणावर गेलीय.”

ही थोरली बहीण सहा वर्षांपासून त्याच्याकडेच राहत होती. परवा दंतवैद्याकडून आली ती गाल धरूनच, पण बोलायची थांबली नव्हती.

“अरे, तिथं नावं लिहून घेणारी बाई आहे ना, ती गायची म्हणे! रेकॉर्ड निघाली होती. मी म्हटलं, मग आता? तर म्हणते, आता अंघोळ करतानासुद्धा नाही. कुण्या शहाण्यानं छापलं होतं म्हणे, यांना बस गाठायचीय म्हणून.”

ग्रंथपालाने चष्मा काढून हातात धरला होता.

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? तो शहाणा रोज माझ्या हातचा चहा पितो, हे सांगू? आत गेले आणि आ वासून बसले.”

मग त्याने तिला पत्राचं सांगितलं. फिरकीचंही सांगितलं. ताईने गालावरचा हात काढला.

“दोन ओळी रे,” ती म्हणाली. “सोन्याच्या मागितल्या होत्या का तिनं?”

आज चिकटपट्टीचा शेवटचा तुकडा सुटला. त्याने फिरकी स्पिरिटने पुसली, नवा पट्टा चढवला, थाळी बसवली. घड्याळ मांडलं. रेकॉर्ड पाकिटातून काढून थाळीवर ठेवली. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

आपण काय ऐकणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत, पुन्हा एकदाही न ऐकता, त्याने तो आवाज मनात घडवून ठेवला होता : खोल, शांत, आपल्याच दुष्टपणाने बंद पडलेला. सदराच्या प्रत्येक लेखाच्या वेळी तो आवाज त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहत असे. त्यामुळेच तो पुढे कुणाबद्दल टोचून लिहीनासा झाला. सदर मिळमिळीत झालं आणि बंद पडलं. ते त्याला योग्यच वाटलं होतं.

सुई टेकली.

आवाज पातळ नव्हता. घाईही नव्हती. पहिल्या कडव्याच्या शेवटी, जिथे गायिकेला एकटीने लांब सूर धरायचा होता, तिथे तो हळूहळू खाली बसत गेला. फार नाही, केसभर. मागच्या वृंदाने तो सावरायचा सोडून तिच्यासोबतच खाली उतरणं पसंत केलं. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यात श्वास पुरला नाही.

“छान आहे की!” ताई म्हणाली. “केवढं गोड!”

आपलेच कान म्हातारे झाले असतील, असं त्याला वाटलं. एवढी वर्षं यंत्र चुकीचं होतं, आज आपण असू. त्याने कपाटातून त्या दोन सीडी काढल्या आणि तीच जागा दोन्हींवर ऐकली. सूर जिथे हवा तिथे, सरळ, शेवटपर्यंत. पुन्हा रेकॉर्ड. पुन्हा खाली. त्याने तीनदा सुई मागे नेली.

“पुरे रे,” ताई म्हणाली. “कुरापती काढणारी सासू बरी तुझ्यापेक्षा.”

मग त्याने सुई सुरुवातीला ठेवून गाणं सलग ऐकलं; ते बरोबर वीस मिनिटांनी संपलं. उलट चिकटपट्टीनेच त्या आवाजाला थोडं तेज दिलं होतं. आणि तेवढ्यात, न बोलावता, त्याच्या डोक्यात एक वाक्य आलं : बस केव्हाच गेली होती, आणि ही मंडळी थांब्यावर बसून राहिली होती. जुन्या वाक्यापेक्षा सरस होतं. क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले, लहान मुलासारखे.

जेवण झाल्यावर तो टेबलाशी बसला. पहिली ओळ लगेच झाली. ‘आपलं म्हणणं बरोबर होतं, माझं यंत्र जोरात चालत होतं, आणि हे मला आपलं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं.’ ती वाचून त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या ओळीला दुपार गेली. चार कागद चुरगळून झाले. चांगल्या कानापलीकडे त्याच्याकडे कधी काही नव्हतं, आणि त्या कानाला न पटलेलं त्याने आजवर एकही अक्षर जाणूनबुजून लिहिलं नव्हतं. पाचच्या सुमाराला त्याने पेन उचललं आणि न थांबता लिहिलं, ‘आज आपलं गाणं नीट ऐकलं, ते अतिशय सुरेल आहे.’ खाली सही केली. शाई वाळायच्या आत घडी घातली.

“दे, मीच नेऊन देते,” ताई म्हणाली. “शुक्रवारी दाढ काढायचीच आहे.”

“नको. तिनं टपालानं पाठवलं होतं.”

“मग चल, मीही येते. तू अर्ध्या रस्त्यातून परत यायचास.”

कोपऱ्यावरच्या पेटीशी दोघं थांबली. मागून येणाऱ्या बाईला त्याने आधी तिचं पत्र टाकू दिलं, नंतर आणखी एकाला.

“दोनच ओळी लिहिल्यास ना?”

“दोनच.”

“खऱ्या?”

त्याने लिफाफा फटीत सरकवला आणि बोटं पोचेनाशी होईपर्यंत आत ढकलला.

“पहिली,” तो म्हणाला.