पालथा हात

छतावर, पंख्याच्या दांडीपासून वीतभर अंतरावर, उजेडाचा एक गोल थरथरत होता. कडेला पिवळसर आणि मध्ये इतका पांढरा, की छताच्या रंगाचे पोपडे एकेक वेगळे दिसत होते. अनुपमा दारातच थांबली. किल्ली अजून कुलपात होती. गोल थोडा डावीकडे सरकला, परत आला आणि हळूहळू स्थिर झाला. ज्या कशावरून तो उजेड उसळत होता, त्याला नुकताच कुणाचा तरी धक्का लागला होता.

"इतक्या लवकर?" आतून सहदेवचा आवाज आला.

"बी विंगची लाइट गेली. मुलं घामाघूम झाली. शिकवणी अर्ध्यावर सोडली."

तो हॉलमधल्या खुर्चीत बसला होता. वॉकर नेहमीसारखा भिंतीशी नव्हता. मध्येच तिरका उभा होता. लुंगी त्याने दोन्ही पायांवर नीट ओढून घेतली होती. टीव्ही बंद होता आणि त्याला जिना चढून आल्यासारखी धाप लागली होती.

"टीव्ही नाही लावलात?"

"काय बघायचं त्यात. सगळे एकमेकांवर ओरडत असतात. त्यापेक्षा तू बरी, एकटीच ओरडतेस."

ती हसली नाही. पिशवी टेबलावर ठेवून तिने चपला कोपऱ्यात सरकवल्या.

होळीच्या सुमाराला त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. साखर जुनी, सिगारेट त्याहून जुनी. पायाला रक्त नेणारी नळी डॉक्टरांनी एकदा उघडून दिली; ती पुन्हा बंद झाली. मग अंधेरीच्या सर्जननी त्याच्या पायावरच बोटाने दोन रेघा ओढून दाखवल्या. पहिली पावलाच्या मधून. लवकर आलात तर इथे कापू; टाच राहील, घोटा राहील, वेगळा बूट घालून चालाल. दुसरी गुडघ्याच्या खाली. गारठा घोट्याच्या वर चढला, तर मग इथे. शेक द्यायचा नाही, गरम पाणी नाही, त्यांना भाजलेलं कळणार नाही, असंही त्यांनी अनुपमाकडे बघून सांगितलं होतं.

परतताना रिक्षात सहदेव पायाकडेच बघत बसला होता. जोगेश्वरी मागे पडल्यावर गावाकडच्या मालवणी बोलीत बोलला. थट्टा करायची असली किंवा भीती वाटली, की तो मालवणीत जायचा.

"तुझ्या हाताक जोपर्यंत गरम लागता, तोपर्यंत पाय माझो. ज्या दिवशी तू सांगशीत गार झालो म्हणान, त्या दिवशी म्हणशीत थंय येतंय. डॉक्टर नको. तू सांगायचा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्याच्या पायाशी बसे आणि उजव्या हाताची पालथी बाजू गुडघ्यापासून खाली नेत असे. पालथा हात लावायचा, हे त्यानेच शिकवलेलं. गोरेगावच्या स्टुडिओत त्याची उमर लाइटमन म्हणून गेली होती. तापलेल्या दिव्याला कुणी बोट लावून बघत नाही. पालथा हात थोडा लांब धरायचा. कातडीला आधीच कळतं. तळहात कामाने निबर झालेला असतो, त्याला उशिरा समजतं.

आणि रोज ती म्हणे, "आहे ऊब."

गॅलरीतले कपडे वाळले होते. ते काढायला ती बाहेर गेली. समोर नवा टॉवर उठल्यापासून ऊन तिरकं होऊन फक्त डावीकडच्या कोपऱ्यात यायचं, अरुंद पट्टीसारखं. त्या पट्टीत काळ्या रेक्झिनचं स्टूल होतं. आणि ग्रिलला टेकवून, मागे फडक्याची घडी घालून, कणीक मळायची परात उभी केली होती.

अनुपमाने आधी ती घडी पाहिली. परात नुसती टेकवली असती तर घसरली असती. फडकं दोनदा दुमडून खाली डावीकडे सरकवलं होतं, कोन नेमका धरायला. नटाच्या चेहऱ्याची एक बाजू अंधारात राहू नये म्हणून उजेड उसळवून द्यायचा, ते काम त्याने अशा हजार घड्या घालून केलं असेल. आता परात जरा कलली होती, म्हणून तिचा उजेड छतावर गेला होता. तिने ती पूर्वीच्या कोनात आणली. उजेड स्टुलावर पडला.

तिने स्टुलाला पालथा हात लावला आणि चटकन मागे घेतला. रेक्झिन तव्यासारखं तापलं होतं. मग तिने पुन्हा हात ठेवला, थोडा मध्ये. तिथे ते तापलेलं नव्हतं. बोटांनी तिने कड शोधली. मागे गोल, एका बाजूला आत गेलेली, पुढे रुंद. पावलाएवढी जागा गार होती.

ती वाकून तशीच उभी राहिली. कडेकडून ताप आत सरकत होता. तिच्या बोटांखाली आधी टाच गेली, मग पुढचा भाग, आणि थोड्या वेळाने सगळं स्टूल सारखंच गरम झालं.

दोरीवरचे कपडे दोरीवरच राहिले. परात उचलून ती स्वयंपाकघरात गेली. गेले काही दिवस त्याचं पाऊल पोटरीपेक्षा गरम लागत होतं, हे तिला आत्ता आठवलं नाही. ते तिला माहीतच होतं. पायाला ऊब येते ती वरून, रक्ताबरोबर वाहत. वाटेतली पोटरी गार आणि शेवटचं पाऊल गरम, असं होत नाही. तसं असलं तर ती ऊब आतून आलेली नसते. सातवीच्या मुलालाही हे सांगता आलं असतं. तिने मात्र रोज हात फिरवून म्हटलं होतं, आहे ऊब.

तिने परात ओट्यावर जरा जोरात ठेवली. काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं. भाजलं असतं म्हणजे? तुम्हाला कळलं तरी असतं का? तुम्ही मला फसवता? जुळवता जुळवता तिचे हात सवयीने माठाकडे गेले आणि त्याच्या ओल्या पोटावर टेकले. दोन्ही तळवे, मग दोन्ही पालथे हात.

गारवा मनगटापर्यंत आला तेव्हा ती थांबली.

आज शिकवणीत तिने तीन पातेली मांडली होती. एकात गरम पाणी, एकात माठातलं, मध्ये साधं. गंधाली नावाच्या मुलीने एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गारात बुडवून ठेवला आणि मग दोन्ही मधल्या पातेल्यात घातले. ज्या हाताने गार पाणी पाहिलं होतं त्याला साधं पाणी गरम लागलं. "बाई," ती म्हणाली, "मग हात खोटं बोलतो?" उत्तर द्यायच्या आत लाइट गेली होती.

अनुपमाने माठावरचे हात उचलले. ओल्या मातीवर तिच्या दोन्ही पंजांच्या जागा फिकट दिसत होत्या. रोज ती बाहेरून यायची, हातपाय धुवायची आणि इथे उभी राहायची. उन्हातून आल्यावर बरं वाटतं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती अशी उभी राहत नव्हती. हे सर्जनकडून आल्यानंतरचं होतं. कपाटाच्या खणात कोरोनातली, कपाळासमोर धरायची थर्मामीटरची बंदूक पडून होती. पुण्याहून जान्हवी दर फोनला विचारायची, आई, बाबांच्या पायाला ती लावतेस ना? तिच्यातले सेल अनुपमाने स्वतःच टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते.

पदराला हात पुसून ती बाहेर आली. त्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि दोन्ही हात काखेत धरून राहिली.

सहदेवने तिच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"आज लवकर सोडलंस माठाक?"

तिने काखेतले हात आणखी घट्ट दाबून धरले.

"रोज आधी थंय जातस. मगे माझ्याकडे."

"पाणी प्यायला जाते."

"पाणी पिणारो माणूस झाकण काढता," तो म्हणाला. "झाकणाचो आवाज कधी येणा नाय."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचं ते किरकिरं गाणं वाजत राहिलं आणि थांबलं.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हटलं, बाईंना पण पाय हवा आहे." त्याने लुंगीची कड बोटात धरून गुंडाळली, सोडली. "मग मी पण जरा लायटिंग केलं."

"कणकेची परात आहे ती."

"धुऊन ठेवणार होतो. तूच लवकर आलीस."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावर राहिलं. त्यालाही तसंच झालं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं. छतावरचा गोल आता नव्हता. तिथे पोपडे होते, पण इतक्या लांबून ते दिसत नव्हते.

"भाजलं नाही ना कुठे?"

"माका काय समजणार. तूच बघ."

तिने लुंगी बाजूला केली. पावलाची वरची कातडी लालसर होती, पण सोललेली नव्हती. काळ्या बोटांच्या मुळाशी एक बारीक ओली रेघ होती, ती काल नव्हती. तिने हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला. "गार असेल अजून हात. माठाचो."

अनुपमाने हात वळवला आणि पालथी बाजू त्याच्या गालावर ठेवली. दाढीचे खुंट टोचले. तो मान न हलवता बसला. इतक्या जवळून तिला त्याच्या डोळ्याखालची जुनी खूण दिसली, कधीतरी फुटलेल्या दिव्याची काच लागलेली. लग्न ठरलं तेव्हा ती खूण ताजी होती. ती त्याला म्हणाली होती, चष्मा का नाही लावत काम करताना? तो म्हणाला होता, मग हिरोईन कशा दिसणार.

"कसा आहे?"

"गार."

ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळाकडे दोघांनीही बघितलं नाही.

"आता?"

"कोमट." थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, "आता माझ्यासारखो."

तिने हात गालावरून काढला आणि त्याच्या गुडघ्याला लावला. गुडघा गरम होता. पोटरीचा वरचा भाग गरम होता. हात सावकाश, रोजच्यापेक्षा सावकाश खाली येऊ लागला. पोटरी निमुळती होते तिथे ऊब पातळ झाली. घोट्याच्या वर चार बोटं, तिथे ती नव्हती.

हात परत वर नेऊन तिने पुन्हा खाली आणला. मग डाव्या पायावरून नेला. तिथे ऊब अखंड घोट्यापर्यंत, पावलापर्यंत गेली. पुन्हा उजवा. चार बोटं. पावलाच्या वरच्या बाजूला उन्हाची ऊब अजून थोडी होती. तिच्या हाताखाली ती निवत चालली होती. त्याखाली तळवा गार होता, फरशीसारखा.

गेल्या सोमवारी घोटा कसा होता, ते तिने आठवून पाहिलं. त्याच्या मागच्या सोमवारी. तिला फक्त माठाचा ओलेपणा आठवला.

"खंयपर्यंत?" त्याने विचारलं.

त्याचा आवाज अगदी साधा होता, कुणाचा फोन होता विचारावा तसा. दोन्ही हातांनी त्याने खुर्चीचे हात धरले होते. अनुपमाने त्याच्या पायावरची पहिली रेघ आठवली, पावलाच्या मधून जाणारी. मग दुसरी. तिच्या हाताची पालथी बाजू चार बोटांच्या त्या जागेवर होती आणि तिने ती तिथून काढली नाही.

"घोट्याच्या वर गार आहे," ती म्हणाली. "शर्ट घाला. आत्ताच निघायचं."