खालचं पान

सकाळी अकरा वाजता भावाने ड्रमवर एकदाच काठी मारली आणि काठी काउंटरवर ठेवून दिली.

"हा बाबांचा नाही," तो म्हणाला.

"मग काय शेजाऱ्यांचा आहे?" बहिणीने वर न पाहता विचारलं. ती फडक्याने ड्रमचे स्क्रू फिरवायची चावी पुसत होती.

"ड्रम बाबांचाच आहे गं, चिमे. आवाज त्यांचा नाही."

वहिनी बहिणीच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाच्या दाराशी उभी होती. आत ये म्हटलं तरी ती तिथेच थांबली होती, खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

ड्रम आला तेव्हा मोडीत निघायच्या लायकीचा होता. पितळ काळं पडलेलं, खालच्या तोंडावर ताणलेलं पातळ पान फाटलेलं, त्याला लागून असलेल्या तारा गंजून तुटलेल्या. बाजूची कळ वर केली की तारा पानाला टेकतात आणि ड्रम खणखणतो. खाली केली की सुटतात आणि तो नुसता ढोलासारखा बोलतो. ती कळही जाम झाली होती. बहिणीने सगळं सुटं केलं, घासलं, नवं पान चढवलं, नव्या तारा लावल्या, कळीची स्प्रिंग बदलली. वडिलांच्या कार्यक्रमाला येणार नाही, हे तिने भावाला फोनवरच सांगितलं होतं. ड्रम मात्र ठेवून घेतला. मोडक्या वस्तूशी तिचं भांडण नव्हतं.

त्या संध्याकाळी बँडच्या हॉलला वडिलांचं नाव दिलं जाणार होतं. गाव त्यांना मास्तर म्हणायचं; त्यांनी तिथे अर्ध्या गावाला वाजवायला शिकवलं होतं. पाटी उघडली की मुलगा वडिलांच्या ड्रमवर पहिला ठेका धरणार, असं ठरलं होतं.

"स्वच्छ वाजतोय," भाऊ म्हणाला, "पण कोरडा. बाबांचा कसा भरून यायचा. तुला काय, तुला आठवणार नाही."

चावी पुसणारा हात थांबला.

"मला आठवणार नाही?"

"लहान होतीस."

तिने ड्रम उलटा केला. काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. खालचं पान तिने मुद्दाम चढं ताणलं होतं. वडील ते ढिलं ठेवत. एक स्क्रू सोडायचा, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा. ती प्रत्येक वेळी चावी अशी फिरवत होती, जणू कुणाचा तरी कान पिळत होती. मग तिने ड्रम सुलटा करून स्टँडवर आदळला आणि कळ वर केली.

"घे. हे तुझे बाबा."

भावाने काठ्या उचलल्या. पहिल्याच ठोक्याला त्याचा चेहरा बदलला. त्याने एक लांब रोल वाजवला, थांबला, मनगटाने डोळे पुसले.

"हाच," तो म्हणाला. "बघ, अंगावर काटा आला."

"मला पहिलाच बरा वाटला," दारातून वहिनी म्हणाली. "या आवाजानं डोकं उठतं."

भाऊ वळला नाही. फक्त त्याचा आवाज खाली गेला.

"तुला विचारलं का कुणी?"

ड्रम खरखरला. कुणी हात लावला नव्हता. तारा पानावर थरथरल्या आणि थांबल्या.

"मी काय म्हणतोय? विचारलं का?"

पुन्हा खरखर झाली, या वेळी जरा लांब.

वहिनीने एक पाऊल मागे घेतलं होतं. घाबरून उडी मारावी तसं नाही. हात पोहोचणार नाही इतकंच, नेमकं मोजलेलं. पिशवी छातीशी आली होती. बहिणीने ते पाऊल ओळखलं. आईचं होतं ते.

"बाहेरून ट्रक गेला असेल," भाऊ म्हणाला, आणि हात लांब करून त्याने कळ खाली पाडली. "वाजवून झालं की तारा सोडून ठेवाव्यात. बाबांचा नियम होता."

"ट्रक नाही दादा. तू होतास."

"काय?"

"ढिलं पान खालच्या आवाजाला साद देतं. बाबा ओरडायचे तेव्हा कधी वाजलं नाही ते. आवाज उतरला की वाजायचं. बैठकीत खरखर झाली की आपण आतल्या खोलीतून कुठे पळायचो? सांग ना. मी लहान होते, मला काय आठवणार!"

भाऊ काठ्या गोळा करू लागला.

"मागच्या दारानं. आणि आधी तुला ऐकू यायचं. माझा हात धरून तूच ओढायचास."

"बाबांनी गावासाठी काय केलं ते—"

"गावाला काय, गावाला ठेकाच ऐकू गेला."

"आज तरी नको हे," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला शिव्या देऊन काय मिळतं तुला? आणि तारा वर राहायच्या त्या चुकून. आई झाडझूड करताना धक्का लागायचा. त्यावरूनही तिनं कितीदा बोलणी खाल्ली."

"चुकून," बहीण म्हणाली. "बाबा रोज खाली करायचे आणि आईचा रोज धक्का लागायचा. रोज, दादा?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. दाराशी वहिनी ड्रमकडे पाहत होती.

"आण तो इकडे," तो शेवटी म्हणाला. "उशीर होतोय. वाजवला की काचेच्या कपाटात जाईल, पाटीखाली. मग कुणाला त्रास नको."

बहिणीने चामडं कापायची सुरी उचलली आणि तिचं टोक पानावर टेकवलं.

"कपाटात ठेवणार असशील तर आत्ता फाडते."

"वेड लागलंय का तुला?"

"घरी ठेवायचा. तुझ्या बैठकीत. कबूल असेल तर ने."

"कार्यक्रमाला यायचं नाही, त्याचं तोंड बघायचं नाही, आणि घरात मात्र ठेवायचा!"

"मला नाहीच बघायचं. तुझ्या घरात ठेव."

त्याने खांदे उडवले. बायकांच्या हट्टाला औषध नाही, असं काहीतरी पुटपुटत त्याने मान डोलावली. तिने सुरी बाजूला ठेवली. ड्रम पेटीत ठेवण्याआधी तिने कळ वर केली आणि पुन्हा खाली केली, सावकाश, दाराच्या दिशेने तोंड करून. मग पेटी बंद केली.

कार्यक्रम चांगला झाल्याचं तिला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. पोराच्या हातात मास्तर उतरले होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, बैठकीत ठेवलाय. सोफ्याशेजारी."

"बरं."

"ते आंघोळीला गेलेत. तारा सोडून ठेव म्हणालेत." मग थोडं थांबून, "ती कळ कडक आहे का हो? आवाज होतो का?"

"सावकाश केली तर नाही होत. अंगठ्यानं दाबून धर आणि मग वर ने."

पलीकडे सोफ्याकडे जाणारी तिची पावलं वाजली. कळ वर गेल्याचा टक असा, जेमतेम ऐकू येणारा आवाज आला. फोन बंद झाला.

त्यानंतर वहिनीचा फोन आलेला नाही.