न्यूट्रल

आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरसाहेबांना कुणी गाडी बंद करायला शिकवावं, हा त्यांच्या मते आगाऊपणाचा कळस होता. आणि शिकवणारी कोण, तर पोटची मुलगी, जिला सायकल शिकवताना त्यांचेच गुडघे फुटले होते.

“बाबा, आधी पाय ब्रेकवर. मग दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्कवर. मग हँडब्रेकचं बटण, मग इंजिनाचं. आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझल्याशिवाय उतरायचं नाही,” नवी ऑटोमॅटिक गाडी त्यांच्या स्वाधीन करताना ती म्हणाली होती.

“बरं, बाई,” म्हणत साहेबांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

डेपोची शिस्त त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली. गियरमध्ये ठेवलेली बस सकाळी सुरू करताना पुढे उसळायची आणि मेकॅनिक ड्रायव्हरचा उद्धार करायचे. त्यामुळे गाडी न्यूट्रलला सोडणं हा साहेबांच्या लेखी सभ्यपणाच होता.

त्या सकाळी ते बायकोबरोबर बाजारातून परतले. फाटकापासून घरापर्यंत खडीचा चढ होता. फाटक लावायला ती खालीच उतरली. साहेबांनी गाडी दारापाशी नेली, ब्रेक दाबला आणि दांडा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलला सारला. डावा हात सवयीनं हँडब्रेक ओढायला गेला आणि रिकामाच परत आला. हल्ली सगळं बटणच करतं म्हणे, असं पुटपुटत त्यांनी इंजिनाचं बटण दाबलं. इंजिन गप्प झालं, पण गाडी टूं टूं करत राहिली.

“बस बोंबलत,” म्हणून ते उतरले. मागच्या सीटवरून बटाट्यांची पिशवी ओढली आणि दार धाडकन लावलं. तेवढ्या धक्क्यानं खडीत अडकलेलं चाक सुटलं.

गाडी त्यांच्यासमोरून मागे निघाली. रिकामी. खाली बायको पाठमोरी वाकून कडीशी झटापट करत होती.

ओरडायलाही वेळ नव्हता. पिशवी टाकून त्यांनी पुढचं दार पकडलं, फरपटत गेले, कसेबसे आत कोसळले आणि दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ते तसेच आडवे पडून राहिले, डोकं पेडलशी आणि पाय दाराबाहेर. ब्रेक सोडायची हिंमत होईना.

खाली कडी खटकन लागली.

“अगं बाई! वीतभरही जागा ठेवली नाहीत मला,” बायकोचा आवाज आला. ती अंग चोरत बंपरजवळून निघाली आणि दारापाशी आली. “आणि हे काय, खाली काय शोधताय?”

“तुला... तुला गाडी आल्याचं कळलं नाही?”

“कळलं की. खडी वाजली ना. पण गाडीत तुम्ही आहात म्हटल्यावर मी कशाला वळून बघू?”

साहेबांना रडूच कोसळलं.

“मी नव्हतो गं गाडीत.”

तिनं दाराबाहेर लोंबणाऱ्या त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग चढावर सांडलेल्या बटाट्यांकडे, मग फाटकाकडे. आणि ती मटकन तिथेच खाली बसली.